खणाचा स्वेटशर्ट, जो पाण्यातून काढायचा राहिला

पार्श्वभूमी

प्रकरण घरचंच आहे, त्यामुळं कुणाचं नाव टाकत नाही, दुकानांचंही नाही. माझी वहिनी सांगलीत विश्रामबागला राहते, बारा वर्षं ब्लाऊज शिवतेय आणि अलीकडं व्हॉट्सअ‍ॅपवरून कुर्ते, जॅकेटं असं विकायला लागलीय. मी मिरजेला नोकरी करते, संध्याकाळी येऊन पार्सलं, हिशोब आणि गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं एवढं माझ्याकडं.

दिवाळीच्या आधी तिच्या डोक्यात आलं की बायकांसाठी कॉटनचा स्वेटशर्ट करायचा, पण आपल्या पद्धतीचा. छातीवर खणाचा चौकोन, त्याच्या कडेनं मशीन एम्ब्रॉयडरी, आणि गळ्याखाली तो छोटा व्ही असतो ना, तिथंपण खण. हा व्ही मुळात शोभेचा नव्हताच म्हणे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत अलाबामात फुटबॉल खेळणारी पोरं लोकरीच्या जर्सीला वैतागली म्हणून सुती स्वेटशर्ट निघाला असं सांगतात, आणि गळ्यापाशी घाम टिपायला, गळा जरा ताणला जायला तिथं वेगळा तुकडा लावायचे. आमचा खण काय घाम टिपतोय, पण दिसायला भारी दिसायचा हे मान्य करायला पाहिजे.

कापड घेतलं लूपनिट. म्हणजे बाहेरून साधं आणि आतल्या बाजूला बारीक बारीक फासे असतात ते. आतून घासून मऊ केलेलं फ्लीस महाबळेश्वरला ठीक आहे, सांगलीत सकाळी आठपर्यंत थंडी आणि अकराला घाम, इथं लूपनिटच चालतं. दादा म्हणत होता इचलकरंजी एवढी जवळ, विटा तर आपल्याच जिल्ह्यात, कापड तिरुपूरचं कशाला? पण तिकडं सगळा मागाचा माल, उभे-आडवे धागे. स्वेटशर्टला होजिअरीचं ताणलं जाणारं कापड लागतं, ते तिरुपूरचं नाहीतर लुधियानाचं. मग एका व्यापाऱ्याकडून फोटो बघूनच ऑर्डर दिली. २८० जीएसएम (चौरस मीटरला २८० ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, ४३० रुपये किलो. ऑफव्हाइट, मोहरी आणि ग्रे मिळून २५ किलो, पुढच्या लॉटसाठी बॉटल ग्रीनचा १२ किलोचा रोल, आणि मनगटाला-कमरेला लावायला ३ किलो मरून रिब, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पट्टीचं ताणलं जाणारं कापड. खण कापड पेठेतून घेतला.

एक पीस साधारण ४९० ला पडला, त्यात शिलाई, एम्ब्रॉयडरी, पिशवी सगळं आलं. विकला ११५०ला. ६४ पीस केले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ४१ गेलेपण. आम्ही हवेत होतो.

काय बिघडलं

एका रात्री साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोटो आला. ऑफव्हाइट पीस, एकदा धुतलेला. लांबी दीड-दोन इंच कमी झालेली, छातीवरचा खण मधून पापडासारखा फुगलेला, आणि मनगटापासून वर आणि खाली पोटावर गुलाबी ढग. खाली एकच ओळ, "ताई, हा आता माझ्या नववीतल्या मुलीला बसतोय."

इथं पहिली चूक झाली आणि ती माझी. मी लगेच टाइप केलं, "गरम पाण्यात धुतला का? मशीनला टाकला का?" तिचं उत्तर आलं, बादलीत, गार पाण्यात, आणि पुढं लिहिलेलं, "आणि कसा धुवायचा ते तुम्ही कुठं लिहिलंय?" खरंच कुठं नव्हतं लिहिलेलं. गळ्यात फक्त साइजचं लेबल, एल. आमचं हे बोलणं तिनं त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं हे मला नंतर कळलं, कारण त्याच सोसायटीत आमचे अजून चार पीस गेले होते. पुढच्या तीन दिवसांत अजून दोन तक्रारी आल्या.

कारण शोधताना

घरात जो तो आपापला संशयित धरून बसला. वहिनीचं म्हणणं खणानं रंग सोडला, कारण खणही मरून होता. ती दुसऱ्या दिवशी तणतणत कापड पेठेत गेली, मी सोबत. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, ओला रुमाल आणा आणि घासा." पांढरा रुमाल ओला करून खणावर दहा वेळा घासला, रुमाल पांढराच. मग त्यानं कडेचा एक धागा काढून काडीपेटीनं पेटवला, तो वितळून काळा टणक मणी झाला. सुती धागा असता तर कागदासारखा वास येऊन राख झाली असती. "हा पॉलिस्टर आहे, रंग सोडणार नाही आणि आटणारही नाही," हे तो अभिमानानं बोलला, पण आमची अडचण नेमकी तीच निघाली. गुळेदगुड्डचा जुना खण वेगळा, हा पॉवरलूमवरचा स्वस्तातला, आणि आम्ही स्वस्त म्हणूनच घेतला होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

घरी येऊन तोच रुमाल रिबवर घासला. चौथ्या घासणीला गुलाबी. चोर रिब होती. सुती कापडाला हा जो रिअ‍ॅक्टिव्ह डाय वापरतात तो धाग्याला घट्ट धरतो, पण जेवढा रंग धाग्याला चिकटत नाही तेवढा नंतर गरम पाण्यात साबण घालून पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. याला सोपिंग म्हणतात. गडद रंगाला ते जास्त वेळ करावं लागतं, तिथं पाणी आणि वेळ वाचवला की उरलेला रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. मिठाच्या पाण्यात भिजवा, व्हिनेगर घाला असं पाचजणींनी सांगितलं. तीन वाट्यांत रिबचे तुकडे ठेवले, एकात मीठ, एकात व्हिनेगर, एकात नुसतं पाणी. सकाळी तिन्ही वाट्या सारख्याच गुलाबी. रंगवताना मिठाचं काम असतं, एकदा रंगवून झाल्यावर मीठ काही करत नाही.

आता आटण्याचं. बॉटल ग्रीनच्या रोलमधून तुकडा कापला, त्यावर पेनानं ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला, शेजारी खणावर तसाच. दोन्ही तीन वेळा धुतले, वाळवले, मोजले. खण पन्नासचा पन्नास. लूपनिट लांबीत ४६.५ आणि रुंदीत ४८.५. म्हणजे लांबीला ७ टक्के, रुंदीला ३. कारखान्यात ओलं कापड रोलवरून ओढत नेतात तेव्हा त्याचे फासे लांबीत ताणले जातात आणि तसेच वाळतात, मग पहिल्यांदा मोकळं पाणी लागलं की फासे आपल्या जागेवर येतात. चांगला माल असेल तर कॉम्पॅक्टिंग करून तो आधीच आटवून देतात. आमचा नव्हता दिलेला. त्यामुळं अंग आटलं, खण होता तसाच राहिला, आणि जास्तीचा खण जाणार कुठं, तो फुगला.

मग वहिनीला शंका आली की कापड हातालाच हलकं लागतंय. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा काटेकोर कापून तो २.८ ग्रॅम भरायला पाहिजे. घरात एवढं बारीक मोजणारा काटा कुठला, म्हणून सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराकडं गेलो. त्यानं आधी आमच्याकडं आणि मग त्या हिरव्या चिंधीकडं बघितलं. पुडीत काहीतरी सोनंनाणं असणार असं त्याला वाटलेलं. काट्यावर आलं २.४५. म्हणजे २४५.

आणि इथं मला एक गोष्ट आठवली, जी मला अजून टोचते. २५ किलोत ५५-५६ पीस बसतील असा हिशोब केला होता आणि कटिंग मास्तरनी ६४ काढून दिले. आम्ही काय केलं तर मास्तरांना पेढे दिले. कापड किलोवर विकतात, हलकं आलं की मीटर जास्त निघतात, साधं गणित आहे, पण आठ पीस जास्त निघाल्याच्या आनंदात कुणी विचारलंच नाही की कसे काय निघाले. कापड हलकं आलंय हे तेव्हाच समोर दिसत होतं.

हे सगळं ऐकून आई जे बोलली ते तर अजून भारी. "का गं, ब्लाऊजचं अस्तर पाण्यातून काढल्याशिवाय तू कात्री लावतेस का?" वहिनी गप्प. बारा वर्षं ती प्रत्येक बाईला सांगत आलीय, अस्तर भिजवून आणा, फॉल पाण्यातून काढून आणा, नाहीतर साडीला घोळ येईल. तेच ज्ञान स्वेटशर्टच्या वेळी कुठं गेलं कळत नाही. तिचं म्हणणं, हे रेडिमेडसारखं वाटत होतं, कंपनीचं काहीतरी, याला आपले नियम लागू होत नाहीत असं वाटलं.

समोर काय पर्याय होते

पहिला, जी तक्रार करेल तिचे पैसे परत आणि बाकी गप्प. खरं सांगते, माझं मत हेच होतं. हिशोब माझ्याकडं असतो, ४१ जणींना आपणहून मेसेज टाकणं म्हणजे झोपलेल्यांना उठवून पैसे घ्या म्हणणं असं मला वाटत होतं.

दुसरा, सगळ्यांना सांगायचं. वहिनी यावर अडून बसली. तिचं कारण काही फार थोर नव्हतं, ती म्हणाली, "अगं ह्या सगळ्या माझ्याकडं ब्लाऊज शिवतात. एक स्वेटशर्ट गेला तर गेला, ब्लाऊज गेले तर मी खाऊ काय?" आणि साताऱ्याच्या ग्रुपवर आधीच बभ्रा झालेला, लपवायला उरलंय काय हेही होतंच.

तिसरा, उरलेले २३ पीस "फक्त ड्रायक्लीन" असं लेबल लावून विकून टाकायचे. दादाची कल्पना. कॉटनचा स्वेटशर्ट ड्रायक्लीनला कोण देतंय, दोन धुलाईत पीसएवढे पैसे लाँड्रीवाल्यालाच जातील. ही पाच मिनिटांत बाद झाली.

चौथा, व्यापाऱ्याला धरायचं. फोन केला तर त्यानं बिल वाचायला सांगितलं, खाली बारीक अक्षरात, कापड कापल्यावर तक्रार चालणार नाही. जीएसएमचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हलकं आलं म्हणजे मीटर जास्त मिळाले, तुमचं नुकसान कुठं झालं?" याला पटकन उत्तर सुचत नाही, प्रयत्न करून बघा. आटण्याबद्दल बिलात काही लिहिलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं, पण जीएसएम २८० लिहिलेलं होतं, तेवढ्यावर धरून बसलो. सोनाराच्या काट्याचा फोटो पाठवला.

काय केलं

४१ जणींना एकच मेसेज गेला, वहिनीनं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून, कारण मी लिहिलेला मसुदा तिला बँकेच्या नोटिशीसारखा वाटला. त्यात सरळ सांगितलं की कापड आम्ही न धुता शिवलं, चूक आमची, रिब रंग सोडते, धुतला नसेल तर धुऊ नका, आम्हाला कळवा.

पाचजणींनी उत्तरच दिलं नाही. तेराजणी म्हणाल्या धुतलाय, जरा आखूड झालाय पण चालतंय, यात बहुतेक ग्रे आणि मोहरीवाल्या होत्या, त्या रंगांवर गुलाबी डाग दिसत नाहीत. अकराजणींचा पीस खराब झाला होता, आधीच्या तीन धरून. त्यातल्या सहाजणींना पैसे परत, पाचजणींना नवीन पीस, आणि खराब झालेला परत पाठवायला सांगितला नाही, कुरिअरचे पैसे घालून चिंध्या कशाला मागवायच्या. बाराजणींनी अजून धुतलाच नव्हता. त्यातल्या आठजणींनी परत पाठवून बदली घेतला आणि चौघींनी ठेवून घेतला, त्यांना २०० रुपये परत दिले.

साताऱ्याच्या त्या पहिल्या बाईंना वहिनीनं वेगळा फोन केला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "स्वेटशर्टचं राहू दे हो, पण मला धुवायला येत नाही असं म्हणालात त्याचा राग आला होता."

बदली द्यायचे पीस आधी दुरुस्त करायला लागले आणि हे काम सगळ्यात किचकट. नुसतं धुऊन चालत नव्हतं, खण पुन्हा फुगला असता. म्हणून २३ पीसांवरचा छातीचा खण उसवला, रिब उसवली, अंग धुतलं, मग सगळं परत जोडलं. होजिअरीवरचे टाके उसवणं म्हणजे काय हे केलेल्यालाच माहीत, जरा सुई जास्त लागली की फासा तुटतो आणि तिथून भोक मोठं होत जातं. दोन पीस असेच गेले, त्यांच्यावर खणाचं जास्तीचं फूल लावून भोक झाकलं, आणि गंमत म्हणजे तेच दोन आधी विकले गेले. एम्ब्रॉयडरीखाली यावेळी पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर घातलं, आधी बॅकिंगला नुसता कागद होता तो धुण्यात विरघळून गोळा व्हायचा.

हिरवा रोल आणि उरलेली रिब घरच्या मशीनमध्ये धुणं शक्य नव्हतं. मिरजेत दवाखाने किती आहेत सगळ्यांना माहीत आहे, तिथं चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्र्या आहेत, ड्रायरसकट. एकाला विचारलं, ५० रुपये किलोनं तयार झाला. वहिनीची एकच अट, दवाखान्याच्या चादरींबरोबर टाकायचं नाही. लाँड्रीवाला म्हणाला, "तुमची रिब बघितल्यावर मीच माझ्या चादरी तिच्याबरोबर टाकणार नाही."

निकाल

पैशाचं आधी. परत दिलेले ६,९००. बदली दिलेले पाच पीस २,४५०. परत आलेले आठ उसवून दुरुस्त करायला पीसला ११० प्रमाणे ८८०. कुरिअर २१ वेळा, ७० प्रमाणे १,४७०. चौघींना ८००. लाँड्री ७००. घरातले २३ पीस उसवून शिवायला २,५३०. एकूण १५,७३०. ४१ पीसांवर सुटले होते २७,०६०. म्हणजे हातात राहिले ११,३३०, आणि त्यात आमच्या दोघींच्या तीन आठवड्यांच्या रात्री धरलेल्या नाहीत.

व्यापाऱ्यानं शेवटी जीएसएमपोटी ६० रुपये किलोनं ३७ किलोचे २,२२० पुढच्या बिलात वळते करायचं कबूल केलं. रोख नाही. मला हे आवडलं नाही, कारण ते पैसे वसूल करायला परत त्याच्याकडूनच माल घ्यायला लागतो. वहिनी म्हणाली माणूस फोन तरी उचलतोय.

साइजचा घोळ वेगळाच झाला. धुतल्यावर एलची लांबी साडेचोवीस इंचावरून पावणेतेवीसवर आली, छाती मात्र बेचाळीसवरून जेमतेम एक्केचाळीसवर. म्हणजे लांबीनं एम आणि रुंदीनं जवळजवळ एल. मास्तरांनी डोकं धरलं. मग माझ्या भाचीनं बघितलं आणि म्हणाली हे तर बॉक्सी फिट आहे, क्रॉप लेन्थ, कॉलेजात सगळ्या हेच घालतात. लेबल बदलली, मापं इंचात लिहून टाकली, आणि पोरींमध्ये पीस खपले. ज्या बायकांना एल बदलून पाहिजे होता त्यांना एक्सएल आटवून दिले, आणि मूळ एक्सएलवाल्या दोघींना द्यायला काहीच उरलं नाही, त्या पैसे परतवाल्या सहाजणींत आल्या.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी एक मीटर कापड मागवायचं. दुसऱ्या लॉटला आम्ही तेच केलं, कॉम्पॅक्टिंग केलेलं मागितलं, बिलावर जीएसएमबरोबर आटण्याचा टक्काही लिहून घेतला. नमुना पन्नासचा साडेअठ्ठेचाळीस आला, ३ टक्के. तरीही पूर्ण रोल मिरजेहून धुऊन आणला.

फिकट अंगाला गडद रिब लावायचा मोह आता टाळतो. ऑफव्हाइटला ऑफव्हाइटच रिब, मरून फक्त खणात.

एक पीस आधी कुणीतरी घालून, धुऊन, परत घालून बघायला पाहिजे होता. फोटो काढायला आम्ही चार तास घालवले, आयर्विन पुलावर जाऊन, संध्याकाळचं ऊन धरून. तो फोटोतला पीस त्याच रात्री बादलीत टाकला असता तर सकाळी सगळं कळलं असतं.

४१ जणींना सांगायचं का नाही यावर मात्र माझं आणि वहिनीचं अजून जमलेलं नाही. ग्रेवाल्या ज्या खूश होत्या त्यांनाही सांगून आपण उगाच शंका घातली असं मला वाटतं, त्यातल्या एकीनं नंतर पीस बारकाईनं बघून खण फुगलाय म्हणून फोन केलाच. वहिनी म्हणते त्याच बाईनं पाडव्याला दोन ब्लाऊज टाकले. दोन्ही खरं आहे.

मरून रिब दीड किलो अजून कपाटात पडून आहे, लाँड्रीत चार वेळा धुतल्यावरही रुमाल हलका गुलाबी होतोच. आई तिची पायपुसणी करायची म्हणतेय.

नव्या लॉटवर लेबल लावताना वहिनीनं मोठ्या हौसेनं छापून घेतलं, "पहिलं धुणं आम्ही केलेलं आहे." दोन दिवसांत तीन मेसेज, ताई, म्हणजे वापरलेला आहे का? सेकंडहँड आहे का? मग ती दोनशे लेबलं बाजूला ठेवली आणि नवीन छापली, "कापड पाण्यातून काढलेलं आहे." त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही.